सिंहगड म्हणजे किती पर्वती?

शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं पुण्यांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो : उद्यां कोठें जावयाचें? कॉलेजांत जाणारा मुलगा सिंहगडाचें नांव घेतो. सूनबाई म्हणतात, धाकटीला खेळतां येईल असें कांहीं पाहा. आजोबा हातांतलें वर्तमानपत्र खालीं न ठेवतांच सांगतात, “तुम्ही जा. माझें काय, मी आहें घरीं.” हें वाक्य कोणी फारसें मनावर घेत नाहीं, त्यांत उदारपणा आहे कीं खेद आहे, याचीहि चौकशी होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मंडळी गडावर जाते, पिठलें-भाकरी खाऊन येते, आणि असे पांचपंचवीस रविवार उलटले म्हणजे आजोबांना विचारण्याची पद्धतच घरांतून नाहींशी होते. गुडघा अगोदरच दुखत असतो. त्यांत चालणें सुटतें, आणि चालणें सुटल्यामुळें गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात. मग जिना चढणेंहि नकोसें वाटूं लागतें.

वास्तविक आजोबांना जातां येणार नाहीं असें कोणींच ठरविलेलें नसतें. ठरविण्यासाठीं लागणारें माप कोणाजवळ नसतें, एवढेंच. चढण किती, वाट कशी, परत येण्यास वेळ किती, आणि घरांतील कोणाला यांपैकीं काय झेपेल, हें पांच मिनिटांत ताडून पाहतां आलें, तर पुण्यासारख्या शहरांत कोणावर घरीं बसण्याची पाळी क्वचित्‌च यावी. शहराच्या पोटांतच टेकड्या आहेत, सपाट बागा आहेत, आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर गड आहेत. निवडावयास जागा भरपूर. चूक होते ती निवडण्याच्या रीतींत.

पहिली चूक नांवावरून निवडण्याची. ‘राजगड अवघड’, ‘लोहगड सोपा’ असें सर्रास बोललें जातें. परंतु गड अवघड किंवा सोपा नसतो, वाट असते. राजगडाच्या पाली दरवाजाकडील वाटेला रुंद पायऱ्या आहेत. दमछाक होते, पण पाय कोठें ठेवावा हा प्रश्न पडत नाहीं. त्याच गडावर गुंजवण्याकडून चोरदरवाजानें जाणाराला शेवटीं उभ्या कातळांतून, कठड्याला धरून वर यावें लागतें. गड एक, उंची एक, माथ्यावरचा वाराहि एकच. परंतु उंचीवर चक्कर येणाऱ्या माणसानें पहिल्या वाटेनें जावें आणि दुसरीचा विचारहि करूं नये. बालेकिल्ल्याची चढण मात्र कोणत्याहि वाटेनें आलेल्याला सारखीच खडी आहे. तेथें ज्याचें धैर्य होणार नाहीं त्यानें खालीं पद्मावती माचीवर तळ्याकांठीं थांबावें, आणि त्यांत कांहीं कमीपणा मानूं नये. सदर, पद्मावतीचें देऊळ आणि सईबाईंची समाधि हीं सर्व याच माचीवर आहेत. बालेकिल्ला चढून गेलेल्यांपेक्षां माचीवर निवांत हिंडलेला माणूस कित्येकदां राजगड अधिक पाहून येतो.

दुसरी चूक उंचीचा आंकडा चुकीचा वाचण्याची. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच आहे, असें वाचून कांहीं लोक घाबरतात. पण पुणें स्वतःच ५६० मीटरांवर वसलेलें आहे. समुद्रापासूनची चढण पुणेकराला चढावी लागत नाहीं. आतकरवाडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायांच्या वांट्याला येते ती चढण साडेपांचशें ते सहाशें मीटरांची. हा आंकडाहि नुसता ऐकून कांहीं उमजत नाहीं. तेव्हां पुणेकरांनीं आपल्या ओळखीचें माप वापरावें हें उत्तम, आणि तें माप म्हणजे पर्वती. १०३ पायऱ्यांची ही टेकडी भोंवतालच्या सपाटीहून पंचाहत्तर-ऐंशी मीटर उंच आहे. शहरांतील बहुतेक प्रत्येक माणूस ती केव्हां ना केव्हां चढलेला असतो, आणि चढतांना श्वास कोठें फुलला, किती वेळां थांबावें लागलें, हें ज्याचें त्याला ठाऊक असतें.

या मापानें पाहिलें म्हणजे पुष्कळ गोष्टी एकदम स्वच्छ होतात. विधि महाविद्यालयाच्या रस्त्याकडून वेताळ टेकडीचा माथा म्हणजे सुमारें तीन पर्वती. लोहगडवाडीपर्यंत मोटारीनें जाऊन पुढें लोहगड चढणें म्हणजे दोन-अडीच; मळवलीच्या रेल्वे-स्थानकापासून पायीं निघाल्यास पांच. आतकरवाडीकडून सिंहगड सात ते साडेसात. गुंजवण्याहून राजगड आठाच्या आसपास, आणि वेल्ह्याहून तोरणा नवाच्या घरांत. हीं मापें सोनाराच्या तराजूचीं नव्हेत. पण ज्या गृहस्थाला एका पर्वतीला दोनदां बसावें लागतें त्याला तोरण्याच्या पायथ्याशीं नेऊन उभें करूं नये, एवढें सांगण्यास तीं पुरेशीं आहेत.

वेळेचा हिशेबहि असाच सोपा आहे. १८९२ सालीं विल्यम नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें एक आडाखा लिहून ठेवला : दर तीन मैलांना एक तास, आणि त्यावर दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास. आजच्या मापांत सांगावयाचें तर पांच किलोमीटरांना एक तास आणि सहाशें मीटर चढणीला एक तास. आतकरवाडीची वाट अडीच-तीन किलोमीटरांची. म्हणजे चालण्याचीं तीस-पस्तीस मिनिटें आणि चढणीचा एक तास मिळून दीड तास किंवा त्याहून थोडें अधिक. नवख्या पण धडधाकट माणसाला सिंहगड चढावयास साधारण तेवढाच वेळ लागतो, हें पाहून त्या स्कॉटिश गृहस्थाचें कौतुक वाटतें. परंतु त्याचा आडाखा धडधाकट माणसाचा, थंड हवेंतला आणि वाटेंत न थांबणाराचा आहे. बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर येणाऱ्या उत्तराची दुप्पट धरावी, आणि होळीनंतरच्या दिवसांत दुप्पट धरूनहि तो बेत सूर्य वर येण्यापूर्वीं उरकेल कीं नाहीं हें पाहावें.

हिशेब घरांतील सर्वांत तरुण माणसाच्या पायांनीं करूं नये. मंडळी एकत्र चालत असली, तर तिचा वेग सर्वांत सावकाश चालणाराचा असतो. बाकीचे वाटेंत थांबत असतात, एवढाच फरक. या थांबण्यांतहि एक अन्याय नेहमीं घडतो. पुढें गेलेले लोक झाडाखालीं बसून विसांवा घेतात; मागचा माणूस धापा टाकीत तेथें पोंचला, कीं ताजेतवाने होऊन उठतात आणि म्हणतात, “चला.” ज्याला विश्रांतीची गरज सर्वांहून अधिक त्यालाच ती मिळत नाहीं, आणि आपल्यामुळें सर्वांचा खोळंबा होतो ही बोचणी मात्र त्याला लागून राहते. पुढच्या रविवारीं “तुम्ही जा” हें वाक्य जें निघतें, त्याचें मूळ पुष्कळदां येथें असतें. सर्वांत सावकाश चालणाराला पुढें ठेवलें, कीं हा प्रकार बंद पडतो.

किती जोरानें चालावें याला घड्याळाचीहि गरज नाहीं. चालतां चालतां सबंध वाक्य बोलतां येत असेल तर वेग ठीक आहे. दोन शब्दांमागें श्वास घ्यावा लागत असेल तर तो अधिक होत आहे. दमेकऱ्याला किंवा हृदयविकाराच्या माणसाला ही खूण विशेष उपयोगी पडते. अर्थात् अशा माणसानें डोंगराची गोष्ट आधीं डॉक्टरांच्या कानावर घालावी. वाटेंत छातींत दुखूं लागलें, घाम फुटला, डावा दंड किंवा जबडा भरून आला, तर तेथल्या तेथें बसावें आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. ‘माथा आतां एवढाच राहिला’ असें म्हणणाऱ्या सोबत्याचें ऐकूं नये.

चढणीची भीति सर्वांना वाटते. गुडघेदुखीच्या माणसानें वास्तविक भ्यावें तें उतरणीला. चढतांना काम पडतें तें मुख्यतः हृदयाला आणि फुप्फुसांना. श्वास लागतो, थांबलें कीं तो परत येतो. उतरतांना मांडीच्या स्नायूंना ताणलें जात असतांनाच शरीर सांवरून धरावें लागतें, म्हणजे प्रत्येक पावलाला गाडीचा ब्रेक दाबल्यासारखें होतें, आणि त्याचा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना जी कळ येते ती या ब्रेकची. त्यांत सह्याद्रीची जात आडवी येते. हा डोंगर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांवर थर सांचून झालेला आहे. कांहीं थर टणक, कांहीं ठिसूळ. टणक थराचा कडा होतो; ठिसूळ थर झिजून त्याचा उतार किंवा सपाटी होते. गडांना माच्या मिळाल्या त्या यामुळेंच, आणि येथील वाट कांहीं वेळ मुकाट्यानें सपाट चालून मग एकाएकीं अंगावर येते तीहि यामुळेंच. ठिसूळ खडकाचा मुरूम होतो. कोरड्या उतारावर हा मुरूम पायाखालीं बारीक गोट्यांसारखा सरकतो. डोंगरांत हिंडणारे लोक त्याला घसारा म्हणतात. चढणाराला घसाऱ्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. उतरणारा त्यावर बसता होतो, आणि मनगट टेंकून पडलेल्या वृद्ध बाईचें हाड मोडण्यास तेवढें पुरतें.

म्हणून वाट निवडतांना ती उतरतांना कशी असेल हें आधीं विचारावें. हातांत काठी असावी, बुटाचा तळवा खांचांचा असावा, पावलें आंखूड टाकावीं. आणि जेथें गाडीरस्ता वरपर्यंत आहे तेथें गुडघे दुखणारानें पायीं चढावें आणि मोटारीनें उतरावें. लोक नेमकें उलट करतात. मोटारीनें वर जातात, आणि ‘उतरावयाचेंच तर आहे’ असें म्हणून पायवाटेनें खालीं येतात.

आतां ज्यांना चढ मुळींच नको त्यांच्याकडे वळावयाचें. पुण्याची एम्प्रेस गार्डन ३९ एकरांची असून तेथें जुन्या प्रचंड वृक्षांची सांवली आहे आणि जमीन सपाट आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान दहा एकरांचें. जपानमधील ओकायामा येथल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर तें रचलेलें आहे. तेथें धांवतां येत नाहीं, पण पाण्याकांठीं बसतां येतें. कात्रजचें राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लहान मुलांना आवडतें खरें. परंतु तें सुमारें १३० एकरांवर पसरलेलें आहे आणि सगळें पाहूं म्हटल्यास आजीच्या पायांची परीक्षा होते. त्याला बुधवारीं सुटी असते, हेंहि लक्षांत ठेवलेलें बरें.

चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या माणसाच्या बाबतींत तर पहिला अडथळा डोंगराचा नसतोच. तो बागेच्या फाटकाचा असतो. दुचाक्या आंत येऊं नयेत म्हणून लावलेली लोखंडी आडवी नळी, एका वेळीं एकच माणूस वळून जाईल असें फिरतें चक्र, किंवा फाटकांतल्या दोनच पायऱ्या यांनीं तो बाहेर राहतो. आंत कितीहि उत्तम फरसबंदी असली तरी त्याचा काय उपयोग? सार्वजनिक जागा अपंगांना खुल्या असाव्यात असें २०१६ चा कायदा सांगतो, आणि खुर्चीसाठीं केलेला उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढावयास बारा फूट लांबी घ्यावी, असें सरकारी मार्गदर्शक नियम सांगतात. तुलनेसाठीं आतकरवाडीची वाट पाहिली तर ती एकास पांचाच्या जवळपास जाते. परंतु कायदा फाटकापाशीं उभा नसतो. घरांतील कोणीतरी एकानें आदल्या दिवशीं जाऊन फाटक, उतार आणि शौचकूप हीं तीन पाहून यावीं, हाच उपाय.

या तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख सहलीच्या गप्पांत कोणी करीत नाहीं, आणि त्यापायीं घरांतील बायका हाल सोसतात. सोय नाहीं हें ठाऊक असल्यामुळें आजी सकाळपासून पाणीच पीत नाहींत. दहा वाजतां ऊन लागून त्यांना घेरी आली, म्हणजे ‘वय झालें’ असें निदान करण्यांत येतें. टेकडी निवडतांना जवळ सोय कोठें आहे हें त्यांना आधीं सांगितलें, तर त्या पाणीहि पितील आणि एक मैल अधिक चालतील.

सपाट बाग आणि डोंगर यांच्यामधली जागा म्हणजे शहरांतल्या टेकड्या. पर्वतीच्या मागें तळजाईच्या देवळापर्यंत मोटार जाते, आणि तेथून पांचगांव-पर्वतीच्या वनांत रुंद, बऱ्याच अंशीं सपाट अशा वाटा आहेत. डोंगरावर आल्याचा आनंद आणि सपाटीवर चालण्याची सोय एकाच ठिकाणीं मिळावी असें ज्यांना वाटतें त्यांना याहून चांगली जागा जवळपास सांपडणार नाहीं. सकाळीं मोरांचा आवाज ऐकूं येतो तो वेगळाच. वेताळ टेकडीलाहि अशीच एक मागची बाजू आहे. तिच्यावर चतुःशृंगीकडून, पाषाणकडून, गोखलेनगरकडून अशा अनेक वाटा जातात आणि त्या सर्व चढाच्या आहेत. पण मोटारींच्या संशोधनासाठीं जी संस्था टेकडीवर वसलेली आहे तिच्यापर्यंत पौड रस्त्याच्या बाजूनें डांबरी सडक जाते. तेथवर गाडीनें गेलें म्हणजे चढ फार थोडा उरतो, आणि जुन्या खाणींत सांचलेल्या पाण्यापर्यंत सत्तर वर्षांचा माणूसहि रमतगमत जाऊं शकतो. फक्त वनखात्यानें लाविलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांवर सांवलीसाठीं विसंबूं नये. फेब्रुवारी-मार्चांत हें झाड गुलाबी फुलांनीं सुंदर दिसतें, पण पानें गाळून बसलेलें असतें. आणि सांवली हवी असते ती नेमकी त्यानंतर.

पर्वतीच्या पायऱ्या या दोहोंच्या पुढची इयत्ता. त्या रुंद आहेत आणि मध्यें मध्यें थांबतां येतें; परंतु दृष्टि अधू झालेल्या माणसाला पायरी मोठी फसवी असते. झाडांच्या कवडशांत किंवा मावळतीच्या उजेडांत दगडाची कड दिसत नाहीं. त्याला दुपारीं चारच्या स्वच्छ उजेडांत न्यावें, आणि हात त्यानें सोबत्याचा धरावा; सोबत्यानें त्याचा धरून ओढूं नये.

सिंहगडाचा मोठेपणा असा, कीं तो एकाच दिवशीं सर्वांचा होऊं शकतो. कॉलेजांतल्या मुलानें पहाटे बसनें पायथ्याला जावें आणि आतकरवाडीकडून सात पर्वती चढाव्यात. त्याहून अधिक रग असेल तर कात्रजपासून डोंगरांच्या धारेनें, एकामागून एक टेकाडें ओलांडीत यावें. ती वाट बहुतेक रात्रभर चालतात, आणि ती घरगुती सहलींत मोडत नाहीं. बाकीच्या मंडळीनें घाटरस्त्यानें मोटारीनें निघावें आणि पुणें दरवाजापाशीं भेट ठरवावी. गाडी थांबते तेथून दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत आणि आंतहि जमीन चढउताराची आहे, हें आजोबांना आधीं सांगावें. ‘गाडी थेट वर जाते’ असें सांगून नेलेला माणूस पहिल्या पायरीपाशींच रुसतो. ज्यांना दरवाजाच्या आंत जावयाचें नाहीं त्यांनाहि खडकवासल्याचें पाणी बाहेरूनच दिसतें, आणि ताक-दहीं विकणाऱ्या बाया तेथेंहि असतात. पुढें देवटाक्यापर्यंत कोण, तानाजीच्या समाधीपर्यंत कोण, कल्याण दरवाजापर्यंत कोण, हें तेथें बसूनच ठरवावें. जेवावयास मात्र सर्वांनीं एके ठिकाणीं यावें, कारण सहल म्हणून जी असते ती तेवढीच.

लोहगडाच्या पायऱ्या बांधीव आहेत, एकामागून एक चार दरवाजे लागतात, म्हणून सवय नसलेल्या कुटुंबांना तोच सांगितला जातो, आणि तें योग्यहि आहे. परंतु सोपेपणाचा एक तोटा असा, कीं तो सर्वांनाच ठाऊक असतो. २०२३ च्या जुलैंत एका रविवारीं तेथें एवढी गर्दी लोटली, कीं पायऱ्यांवर माणसें तासन्‌तास जागच्या जागीं अडकून पडलीं. ना वर जातां येई, ना खालीं. २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत राजगडाबरोबर लोहगडाचेंहि नांव लागलें, तेव्हां ही वर्दळ ओसरण्याची आशा नको. दम्याचा माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल, तर पावसाळ्यांतला रविवार सोडून कोणताहि दिवस घ्यावा.

मुलांविषयीं एक गैरसमज आहे. मूल थकतें म्हणून रडतें, असें मोठ्यांना वाटतें. पुष्कळदां तें कंटाळलेलें असतें. सरळ, रुंद, सुरक्षित वाटेवर पांच मिनिटांत कुरकुर करणारी मुलगी ओढ्यांतल्या दगडांवरून तासभर थकल्याशिवाय उड्या मारते. तिला माथा नको असतो, दगड हवे असतात. मात्र तिच्यासाठीं ठरविलेलें अंतर असें असावें, कीं परततांना ती झोंपली तर तिला उचलून आणतां यावें.

आणि येथेंच एका दुःखद गोष्टीचा उल्लेख करावा लागतो. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यांत पुण्याच्या एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले; त्यांत मुलें होतीं. ती जागा अवघड म्हणून प्रसिद्ध नव्हती. तेथें कडा चढावयाचा नव्हता, कीं दोर लावावयाचा नव्हता. घरांतल्या सर्वांनीं मिळून जावें अशीच ती मानली जात असे. पर्वतीचें माप, नेस्मिथचा आडाखा, गुडघ्याचा विचार या सर्वांना ती उतरली असती. सोपी वाट आणि सुरक्षित जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांची गल्लत जिवावर बेतते. धबधब्याचें पाणी समोरच्या पावसानें वाढत नाहीं. वर डोंगरांत, दृष्टीआड पडलेल्या पावसानें वाढतें. घोट्याएवढें पाणी पाहतां पाहतां गुडघ्याएवढें होतें, आणि गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यांत शेवाळलेल्या खडकावर धट्टाकट्टा पुरुषहि उभा राहूं शकत नाहीं. पाणी गढूळ झालें, त्याचा आवाज बदलला, किंवा त्यांतून पालापाचोळा येऊं लागला, तर डबे-चटया तेथेंच टाकून कांठावर चढावें. पोलीस किंवा वनखातें वाट बंद करतात, तेव्हां फलकाशीं वाद घालूं नये. ज्या घरांत लहान मूल आणि वृद्ध माणूस आहे त्या घराची पावसाळी सहल वाहत्या पाण्यापाशीं नसावी, असा कडक नियम केला तरी त्यांत कांहीं गमावत नाहीं. जुलैंतली तळजाईहि हिरवीगार असते.

या टेकड्यांच्या संबंधानें आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत वेताळ टेकडीच्या अंगावरून रस्ता काढण्याची योजना महापालिकेनें पुढें आणली, तेव्हां २०२३ च्या एप्रिलांत नागरिकांनीं तिच्याविरुद्ध मोर्चा काढला. रहदारीच्या बाजूनें आणि झाडांच्या बाजूनें पुष्कळ बोललें गेलें. परंतु पायांच्या बाजूनेंहि या प्रश्नाकडे पाहावयास हवें. टेकडी गेली तर तरुणांचें फारसें बिघडत नाहीं. ते सिंहगडावर जातील, तोरण्यावर जातील, हिमालयांतहि जातील. ज्यांना एक पर्वती किंवा अर्धी पर्वतीच झेपते, ज्यांना घरापासून दहा मिनिटांवर सकाळीं जाऊन आठाच्या आंत परत यावें लागतें, त्यांना दुसरा डोंगर नाहीं.

ज्या घरांत बऱ्याच दिवसांत कोणी विचारलेलें नाहीं, तेथें सुरुवात रविवारीं करूं नये. आठवड्यांतला एखादा दिवस धरावा, सकाळीं साडेसहाला तळजाईवर जावें आणि एका माणसानें, शक्य तर नातवानें, आजोबांच्या बरोबरीनें त्यांच्या वेगानें चालावें. अर्ध्या तासांत किती गेले, कोठें बसावेंसें वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं गुडघा काय म्हणाला, एवढें टिपून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं दुखलें नाहीं तर पुढच्या खेपेस दहा मिनिटें वाढवावीं. दुखलें तर तेवढींच ठेवावीं. दीड-दोन महिन्यांनीं पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या करून पाहाव्यात. सिंहगडाचा दिवस त्यानंतर ठरवावा, आणि त्या दिवशीं मोटारींत आजोबांना पुढची जागा द्यावी. तेथून दुखऱ्या गुडघ्यानें उतरणें सोपें जातें.